बाईंचा उपास

“देव थांबंल, मी न्हाय थांबायची,” असं म्हणून बाई उंबरा ओलांडत. मी पायात चपला अडकवेपर्यंत त्या पाटाच्या कडेनं बाभळीपर्यंत पोचलेल्या असत.

त्या बारामतीच्या मिशनातल्या बायबलबाई. गावोगाव पायी जायचं, बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, हे त्यांचं काम. मी लग्न होऊन गावाबाहेरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत आले आणि त्यांच्या हाताखाली लागले. तीसच्या पुढची ती सालं. पाटाच्या पाण्यावर सगळीकडं ऊस उभा राहायला लागला होता. कन्हेरीला जा नाहीतर कोऱ्हाळ्याला, वाट उसाच्या सावलीतून जायची, आणि पुढं बाईंची पाठमोरी आकृती. अशी ताठ चाल तुम्ही पाहिली असेल तर ती फौजदाराची. बाईमाणसात मी तेवढीच पाहिली.

ईस्टरच्या आधीचा लेंटचा काळ आला की बाई मिसरी सोडत. आम्ही त्याला उपासाचे दिवस म्हणायचो. मिसरीवाचून त्यांचा पारा असा चढे, की ‘उपास बाईंचा, प्रायश्चित्त आमचं’ असं वस्तीत सगळे म्हणत. एकदा पाळकसाहेबांनीच विनवलं, यंदा मिसरीऐवजी गूळ सोडून बघा. बाई म्हणाल्या, “गूळ मला आवडतच न्हाय. देवाला फसवू व्हय?”

आमची बहुतेक घरं मूळची महारवाड्यातली. त्यामुळं गावात गेलं की आम्हाला पाणी मिळे ते वरून, ओंजळीत ओतलेलं. बाईंनी ते कधी घेतलं नाही. जिभेला कोरड पडली तरी त्या म्हणत, तहान नाही. मला त्यांचा हा ताठा फार आवडे.

पण आमच्याच वस्तीत मिशनची विहीर होती, आणि तिच्यावर बाईंचा पहारा होता. मागाहून मांगवाड्यातली काही घरं प्रभूकडं आली होती. रविवारी आम्ही सगळे एकाच सतरंजीवर बसायचो. विहिरीवर मात्र त्यांनी दोराला हात लावायचा नाही. बाई स्वतः पाणी शेंदून त्यांच्या घागरीत वरून ओतत. त्यात आपण उपकारच करतो आहोत असं त्यांना मनापासून वाटे.

त्या वर्षीच्या लेंटमध्ये आम्ही कन्हेरीला एका माळ्याच्या अंगणात बसलो होतो. तहानलेला येशू विहिरीवर परक्या जातीच्या बाईकडं पाणी मागतो, ती गोष्ट बाई सांगत होत्या. बायका भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. घरातल्या म्हातारीनं विचारलं, “मग पेला व्हय तो तिच्या हातचं?”

“पेला की. देवाला कसली जात?”

म्हातारीनं सहज, काही वाकडं मनात नसताना विचारलं, “मग तुमी बी पीत असाल सगळ्यांच्या हातचं?”

गाणं न म्हणताच बाईंनी पिशवी उचलली. येताना पहिल्यांदाच त्या माझ्या मागं राहिल्या.

रविवारी उपासना संपता संपता त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गावानं आमाला जे केलं ते मी हितं माझ्याच लोकांना केलं. मिसरी सोडून मी देवाला तोंड दाखवत हुते. आता सगुणाच्या हातचं पाणी पेल्याशिवाय माझा उपास सुटायचा न्हाय.

सगुणा ही त्या मागाहून आलेल्या घरांतली, वाखाचे दोर वळणारी, अबोल बाई. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. ती खाली बघत बसली.

दुपारपर्यंत वस्ती पेटली. बाईंच्या मुलाची सोयरीक इंदापूरच्या घरात ठरली होती. चार दिवसांत तिकडून निरोप आला, सगुणाच्या हातचं पाणी प्यालात तर मुलगी मिळणार नाही. मुलगा आईशी बोलेनासा झाला. बाईंनी उलट निरोप धाडला, की पोरगी गुणाची आहे, तिला दुसरं चांगलं घर मिळो.

त्याआधी, सोमवारी सकाळीच त्या सगुणाच्या दारात गेल्या होत्या. मी बरोबर होते.

“पाणी दे, सगुणा.”

सगुणानं हातातला वाख खाली ठेवला. “माझं लेकरू तापानं फणफणत हुतं, तवा मी दुपारभर विहिरीवर उभी हुते. तुमी गावाला गेला हुता. दोर समोर हुता, पण हात लावायचा न्हवता.”

“व्हय,” बाई म्हणाल्या. “त्ये पाप माझंच.”

“मग आज न्हाय देत.”

बाई मुकाट्यानं परत फिरल्या. मला वाटलं, झालं, आता यांचा ताठा उसळणार. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. वस्तीतली माणसं दारात उभी राहून हसत. बाई रोज तेवढंच मागत आणि रिकाम्या परत येत. गावाला जाणं त्यांनी चुकवलं नाही, मात्र कोणावर आवाजही चढवला नाही.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार तोंडावर आला, तेव्हा सगुणा बाहेर येऊन म्हणाली, “दारात काय मागता? विहिरीवर चला. मी शेंदते, सगळ्यांम्होरं प्या.”

विहिरीवर बायकांची गर्दी होती. सगुणानं दोर धरला. पोहरा भरून वर आला. तिनं तांब्या भरून दिला. बाईंनी तो वरून ओतून घेतला नाही. तोंडाला लावून प्याल्या आणि अर्धा परत केला. उरलेलं पाणी सगुणा प्याली. वस्तीच्या पंचांपैकी एकजण आपली घागर उचलून तरातरा निघून गेले. मग पोटुशी असलेली माझी जाऊ घागर पुढं करून म्हणाली, “सगुणाबाई, माझी बी भरा.”

“रांगेत ये,” बाई खेकसल्या, आणि सगळ्या हसल्या.

सोयरीक मोडली ती मोडलीच. मुलगा पुढं बोलायला लागला; त्याचं लग्न उशिरा, नगरकडच्या मुलीशी झालं. काही घरांनी बाईंच्या घरी जेवणं सोडलं ते कायमचं. पण विहिरीचा दोर त्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. मी त्या बाईंच्या हाताखाली होते, हे मी आजही मान वर करून सांगते.

माझ्या मालकांची बदली इंदापूरला झाली आणि माझ्या जागी बाईंनी सगुणाला सोबत घेतलं. एकदा मी मोटारीनं बारामतीला निघाले होते. शेळगावच्या पुढं रस्त्याच्या कडेनं दोघी चाललेल्या दिसल्या. दोघींत एकच छत्री होती आणि ती कोणी धरायची यावरून त्या भांडत होत्या. भांडण इतकं रंगलं होतं, की धुरळा उडवत शेजारून गेलेल्या मोटारीकडं त्यांनी पाहिलंही नाही. पुढच्याच थंडीत बाई वारल्या. त्या दिवशी मोटारीतून मी मागं वळून बघत राहिले होते. छत्री कधी इकडं, कधी तिकडं कलत होती, आणि उन्हात त्या दोघी लहान लहान होत गेल्या.