आधी तोंड धुऊन या

"याला विचारा ना. हा ओरिजिनल आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि खांद्याला धरून त्यांनी मला पुढं केलं.

समोर क्लब हाउसमध्ये सोसायटीतली मोठी माणसं उभी होती. कुणी बँकेतला, कुणी कॉम्प्युटरवाला. कमरेला अशोकाची पानं बांधलेली, तोंडाला काजळी फासलेली. गणपतीतल्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. नाव काय, तर आदिवासी नृत्य. एकानं जीभ बाहेर काढून 'झिंगालाला' केलं आणि मला विचारलं, "असंच करता ना रे तुम्ही?"

मी पुण्यात या सोसायटीच्या गेटवर वॉचमन. घर सातपुड्यात, धडगावच्याही वर. म्हसावद सोडलं की रस्ता चढतच जातो. आमच्यात कुणी पानं नेसत नाही. आजीनंही कधी नेसली नव्हती. पण मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, ही गेटवरची सवय. मी हसलो. त्या हसण्याची अजून किळस येते.

या लोकांचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं. पाण्याचा टँकर आला, वॉचमन. पार्किंगवरून दोन घरं भांडली, वॉचमन. पार्सल, कुत्रा, लिफ्टमध्ये अडकलेली आजी. सगळ्याला वॉचमन. नाव कुणी विचारलं नाही. आता जात मात्र सगळ्यांना कळली.

कळली माझ्याच मोबाइलमुळं. होळीला गावी गेलो होतो, तेव्हाचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं. आमच्याकडं त्याला बुध्या म्हणतात. सेक्रेटरींनी तो फोटो जपून ठेवला होता.

बुध्या कुणी हौसेनं होत नाही. माझी आई तापात बेशुद्ध पडली होती. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून नवस बोललो, आई आपल्या पायांनी घरी आली तर पाच होळ्या बुध्या होईन. ती आली. तेव्हापासून होळीच्या दिवसांत मी जमिनीवर झोपतो, खाटेला शिवत नाही, अनवाणी फिरतो, बायकोपासून लांब राहतो. एरवी मनात आलं म्हणून ती घुंगरं बांधायची नसतात. बांधली तर नवस मोडतो. आणि माझा नवस आईच्या जिवाचा.

"तो ड्रेस गावाहून मागवून घे," सेक्रेटरी म्हणाले. "शेवटी तूच नाच. लोकांना खरा माल बघू दे."

"साहेब, तो ड्रेस नाही. नवसाचा आहे."

"अरे, देव काय पुण्यात बघायला येतोय? नाही म्हणायचं असेल तर सांग. एजन्सीकडून दुसरा माणूस मागवतो."

माझ्या जोडीचा वॉचमन शहाद्याकडचा, ब्राह्मणपुरीचा. तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "नाची ले ना भो. दहा मिनिटना खेळ शे. नोकरी गई तं काय खाशी?" त्याचं चुकत नव्हतं. गावचं सगळं घर माझ्या पगारावर होतं.

मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती आमच्या पावरी बोलीत म्हणाली, नाच तू. नोकरी राख. देव रागावला तर माझ्यावर रागावेल, मी काय, पिकलं पान.

तिथं माझं डोकं फिरलं. माझ्या आईनं जीव पणाला लावायचा. कशासाठी? तर यांची संध्याकाळ मजेत जावी म्हणून. मी नुसता 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

कार्यक्रमाला मी गणवेशातच गेलो. गावाहून मी काहीच मागवलं नव्हतं, म्हणून सेक्रेटरींनी दुकानातून भाड्यानं पिसं आणली होती, प्लास्टिकचे भोपळे आणले होते. माइकवर ओरडले, "आता खरा आदिवासी नाच, आपल्या वॉचमनकडून!" टाळ्या पडल्या. मी पिसं खुर्चीवर ठेवली आणि माइक हातात घेतला.

"हा नाच नाही. माझी आई मरता मरता वाचली, त्याचा हा नवस आहे. तुमच्या घरची आजारी माणसं मी रात्री-अपरात्री रिक्षात बसवून दिली. त्यांचा कधी तमाशा केला नाही."

पहिल्या रांगेतल्या बँकवाल्यानं गालावरून हात फिरवला. काजळी आणखीच पसरली. मग मागून आवाज आला, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गंमत होती."

दुसऱ्या दिवशी एजन्सीनं गणवेश आणि शिट्टी परत घेतली. ब्राह्मणपुरीवाला माझी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत आला. "बरं करं भो," एवढंच म्हणाला आणि गेटवर परत गेला.

पुढं बरेच दिवस कामाशिवाय काढले. घरी उसनवारी झाली. आई फोनवर रडली. हे सगळं खरं आहे आणि तरी मला पश्चात्ताप नाही.

आता दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर उभा आहे. इथंही परवा एका साहेबांनी विचारलं, "तुम्ही लोक छान नाचता म्हणे?" मी हसलो नाही. होळीचा तोच फोटो पुन्हा स्टेटसला ठेवलाय, खाली माझं पूर्ण नाव लिहून. ज्याला बुध्या व्हायची हौस असेल त्यानं आपल्या आईसाठी नवस बोलावा आणि जमिनीवर झोपावं. पण काजळी फासून जो माझ्यासमोर येईल, त्याला मी तिथंच अडवणार आहे. साहेब, नळ त्या बाजूला आहे. आधी तोंड धुऊन या. मग माझ्याशी बोला.