डबीतली बंदरं

आंधळ्या बापाची नाणी मी प्लास्टिकच्या डब्यांत कायमची बंद केली.

बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. प्रत्येक बंदर सोडताना खिशात उरलेली चिल्लर ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. काचबिंदूने दृष्टी गेली आणि तो डबाच त्यांची दुपार झाला. मिठबावच्या आमच्या पडवीत बसून ते एकेक नाणं चाचपत. कड वळणावळणाची लागली की हाँगकाँग. जाड, हाताला जड लागलं की मोंबासा. मधोमध भोक असलं की जपानचं कोबे, आणि कोबे आलं की छत्री. तिथे पावसात अडकलेल्या बाबांच्या हातात एका अनोळखी म्हातारीने आपली छत्री दिली आणि ती स्वतः भिजत निघून गेली. कधी छत्री निळी असे, कधी म्हातारी लंगडत असे. एरवी बाबा फार बोलत नसत. बोलत ते नाणं हातात असताना.

मी कणकवलीत नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. मोबाइलवर नाणी जमवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून मला या विषयातलं सगळं कळायला लागलं होतं. बोटांच्या घामाने नाणं खराब होतं, खाऱ्या हवेने हिरवं पडतं. बाबांची तर पडलीच होती. मी गोल, कडक, आरपार दिसणाऱ्या डब्या मागवल्या. आत नाणं हलू नये म्हणून फोमची कडी. बाबा काही दिवस खारेपाटणला बहिणीकडे गेले होते, तेवढ्यात काम उरकून त्यांना चकित करायचं ठरवलं. पांढरे सुती हातमोजे घालून बसलो. आई स्वयंपाकघरातून डोकावली.

"कोणाचां ऑपरेशन रे?"

इथवर चालण्यासारखं होतं. त्या डब्या नखाने उघडतात. पण आमच्या हवेवर माझा भरवसा नव्हता. फायबरच्या होड्यांच्या भेगा बुजवतात ते रेझीन शेजारच्या होडीवाल्याकडून वाटीभर मागून आणलं आणि प्रत्येक डबीच्या सांध्यावरून फिरवलं. समुद्राला आत येऊ देत नाही ते हवेला काय येऊ देणार, हा माझा हिशेब. वर देशाच्या नावाची छापील चिठ्ठी लावली. ठळक अक्षरांत. का, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

बाबा आले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले, डब्यात हात घातला.

"ह्यां काय?"

"नाणीच ती, बाबा. आता खारी हवा लागूची नाय."

त्यांनी एक डबी चाचपली, दुसरी, तिसरी. एक कानाशी नेऊन हलवली.

"सगळी सारकीच लागतत. वाजणत पण नाय." मग डबी खाली ठेवून, "कोबेचां खंयचां?"

मी चिठ्ठी वाचून डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मी वाट बघितली.

"बाबा, ती छत्रीची गजाल..."

"तुका म्हायत आसा मां? तूच सांग."

मी सांगितली. छत्री काळी केली, म्हातारी धडधाकट केली. त्यांनी दुरुस्त केलं नाही. नुसतं "हं" म्हणाले.

त्याच संध्याकाळी करवत घेऊन बसलो. रेझीन सांध्यातून आत उतरून, फोममध्ये मुरून नाण्याला धरून बसलं होतं. डबी फुटली, नाण्यावर ओरखडे उठले, रेझीन निघालं नाही. कोबेचं नाणं त्यातल्या त्यात बरं सुटलं म्हणून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा बरोबर मधोमध नेला.

"भोक खंय गेलां?"

भोक गच्च भरलं होतं, वरून गुळगुळीत. होडीचं काम असतं तर लोकांनी नाव काढलं असतं.

त्यानंतर बाबांनी डबा मागितला नाही. दुपारी त्याच खुर्चीत बसत. अंगठा आणि तर्जनी मात्र एकमेकांवर फिरत असायची, मध्ये काही नसताना.

मी धडपड सोडली नाही. एका विक्रेत्याकडून तसंच भोकाचं नाणं मिळवलं आणि उघडंच, मागच्या शनिवारी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते हळूहळू, कडेकडेने चाचपलं. छत्री काही आली नाही. मग ते माझ्या आवाजाच्या दिशेने हसले आणि नाणं शर्टाच्या खिशात ठेवलं.

"बरां आसा. बरां केलस, झिला."

रविवारी निघालो तेव्हा मी खुशीत होतो, आईला म्हटलं, फुडल्या खेपेक मोंबासाचां हाडतंय. आई कुंपणाच्या बेड्यापर्यंत सोडायला आली होती. तिने मागे वळून पडवीकडे बघितलं.

"फुडल्या शनवारी येव नको," ती म्हणाली. "तू इलस काय तेंका बरां आसल्याचां सोंग करूक लागता."