मावशीचं ऊन पाणी

मध्यप्रदेश नवा नवा होता, तेव्हा रत्नागिरीची मावशी दुखरे गुडघे घेऊन आमच्याकडे इंदूरला आली. शहराबाहेर गरम पाण्याचं कुंड आहे असं कळताच तिनं आम्हा भाचरांना टांग्यात कोंबलं आणि आपल्या झोकदार हिंदीत टांगेवाल्याला फर्मावलं, "भिया, ऊनवाले कुंड पे चलो!" हिंदीत ऊन म्हणजे लोकर, हे तिला कोण सांगणार? टांगेवाल्यानं 'ऊनवाले' एवढंच धरलं आणि टांगा थेट लोकरीच्या दुकानापुढे थांबला. मावशी तणतणली, पण रंग बघून विरघळली आणि चार लडी घेऊन बसली. मग कुंड गाठलं. पाणी कसलं ऊन, विसरलेल्या चहासारखं कोमट! शेवटी गुडघ्यांना आराम पडला तो त्या लोकरीच्या विणलेल्या पट्ट्यांनी. गावी परतल्यावर मावशी ठासून सांगायची, "इंदूरचं ऊन फार गुणाचं हो!"