पंचवीस चित्रपट, फोटो धरून

“मुंबईत असं नसतं,” असं म्हणून बाई आधी खुर्ची हलवायच्या. व्यासपीठावरची खुर्ची कोणी कितीही मन लावून ठेवलेली असो, त्यांना ती चुकीचीच वाटायची. फोटोवाला कुठे उभा आहे ते बघून त्या खुर्ची तिरपी करायच्या, डावा गाल त्याच्याकडे येईल अशा बेताने बसायच्या आणि मग कुठे गॉगल काढायच्या. बंद सभागृहात गॉगल कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही एकदा विचारलं होतं. मुंबईत गॉगल न लावता कोणी सभागृहात शिरत नाही, असं उत्तर मिळालं.

गेली दहा-बारा वर्षं तुम्ही नागपुरात असाल तर तुम्ही त्यांना पाहिलेलं असणारच. सीताबर्डीत साड्यांचं दुकान उघडलं की फीत कापायला या सिनेमातल्या बाई. गणेश मंडळाची पाककला स्पर्धा असली की परीक्षक बाई. एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटनही त्यांनी केलं आणि मालकाने उत्साहाने गिरणी सुरू केली तेव्हा त्यांची काळी साडी दोन मिनिटांत पांढरी झाली. या सगळ्या कार्यक्रमांचा निवेदक मी. तसा मी शाळेत मराठी शिकवतो, पण आवाज बरा आहे म्हणून लोक माईक हातात देतात. बाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी “अहो निवेदक” होतो.

त्यांचं दीपप्रज्वलन हा एक वेगळाच कार्यक्रम असायचा. समईची एक वात लावायला माणसाला किती वेळ लागतो? बाई मेणबत्ती वातीजवळ नेऊन थांबायच्या. फोटोवाल्याने मान हलवली नाही तर लागलेली वात विझवून पुन्हा लावायच्या. एकदा त्यांच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण अध्यक्षांच्या मनगटावर टपटप पडत होतं आणि ते बिचारे फोटोसाठी हसत उभे होते.

पण मला खरा राग होता तो त्यांच्या कागदाचा. पाहुण्यांचा परिचय निवेदकाने करून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. बाई आपला परिचय स्वतःच लिहून आणत. पर्समधून चार घड्यांचा कागद निघे आणि माझ्या हातात पडे. “आहे तसाच वाचा. मधलं काही गाळू नका.” पहिल्या वर्षी त्या कागदावर अकरा चित्रपट होते. पुढच्या वर्षी पंधरा झाले, मग अठरा. मुंबई सोडून नागपुरात, इतवारीत परत आलेल्या या बाईला कोणी शूटिंगला बोलावत नव्हतं. तरी घरबसल्या तिचे चित्रपट वाढत होते आणि वय मात्र जिथल्या तिथे थांबलं होतं.

इतवारीत त्यांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. पोरगी विसाव्या वर्षी मुंबईला निघाली तेव्हा वडिलांनी तिचं नाव टाकलं. तीस वर्षांनी ती परत आली तोवर वडील राहिले नव्हते. धाकट्या भावाने दुकानावरची खोली झाडून दिली आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. हा भाऊ प्रत्येक कार्यक्रमाला यायचा, पहिल्या रांगेच्या टोकाला बसायचा आणि मी परिचय वाचत असताना ओठ हलवत तो मनातल्या मनात म्हणायचा. त्याला तो पाठ होता.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी चंग बांधला. बाईंचे जे जे चित्रपट फोनवर सापडले ते सगळे पाहिले, उत्तरपत्रिका तपासतो तसे, हातात लाल पेन घेऊन. नायिकेच्या मैत्रिणींमध्ये डावीकडून तिसरी, हा एक. “डॉक्टर येताहेत” म्हणणारी नर्स, हा दुसरा. कागदावर त्या नर्सचा उल्लेख ‘वैद्यकीय क्षेत्रातील आव्हानात्मक भूमिका’ असा होता. ‘नायकाची आई’ शोधता शोधता मी अडीच तास बसलो. शेवटी सापडली. भिंतीवर हार घातलेला फोटो होता आणि नायक त्या फोटोसमोर उभा राहून रडत होता. फोटोत बाई होत्या, डावा गाल पुढे करून. मी एकटाच पोट धरून हसलो. फोटो धरून एकूण सात भरले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत महिला मंडळाचा मेळावा होता. तिथे पोचल्या पोचल्या बाईंनी संयोजक बाईंना सांगितलं, निवेदक फ्रेममध्ये येतात, त्यांना कुंड्यांच्या मागे उभं करा. मला शेवंतीच्या कुंड्यांमागे उभं केलं गेलं. तिथून माझं डोकं तेवढं दिसत होतं. हातात कागद होता आणि त्यावर आकडा पंचवीस झाला होता.

मी तो वाचला नाही. मी गोड आवाजात म्हणालो की आपल्या आजच्या पाहुण्यांनी एकूण सात चित्रपटांत काम केलं आहे. मग एकेक भूमिका सांगितली. डावीकडून तिसरी मैत्रीण सांगितली, नर्स सांगितली, तिचं ते एकुलतं वाक्यही म्हणून दाखवलं. फोटो मुद्दाम शेवटी ठेवला होता. सभागृहात मागून हसू सुरू झालं आणि पुढच्या रांगेपर्यंत आलं. फक्त त्यांचा भाऊ हसला नाही. त्याचे ओठ अर्धवट उघडे राहिले होते.

बाई उठल्या, महिलांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं असं तीन मिनिटं बोलल्या आणि बसल्या. एरवी कार्यक्रम संपला की त्यांच्याभोवती फोटोसाठी बायकांची झुंबड उडायची. त्या दिवशी बायका लांबूनच बघत नाश्त्याकडे गेल्या. बाई तिरप्या खुर्चीत बसून होत्या.

परतताना संयोजकांची एकच गाडी होती. भाऊ पुढे, आम्ही दोघे मागे. गाडी कोराडीपर्यंत आली. मग बाईंनी गॉगल काढला आणि ती घासूनपुसून आणलेली मुंबईची मराठी एकदम गळून पडली.

“काहून केलं गा तू असं?”

मी म्हणालो, खरं होतं तेच सांगितलं.

“खरं मले माहीत नव्हतं का? त्या बाया हिरोईन पाहाले आल्या होत्या. तू त्यायच्या हातात नर्स देल्ली.”

एवढं बोलून त्यांनी गॉगल पुन्हा लावला. मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे कबूल करतो. उलट दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा साभिनय सांगितला. पुढे दोन वर्षं तो माझा हुकमी किस्सा होता. भिंतीवरचा फोटो आला की लोकांच्या हातातला चहा सांडायचा. किस्सा शाळेतून मंडळांत गेला, मंडळांतून दुकानदारांत गेला आणि बाईंची बोलावणी हळूहळू थांबली. साड्यांच्या दुकानाला मालिकेतली कोणी कोवळी पोरगी मुंबईहून येऊ लागली. तिचाही परिचय मीच करून द्यायचो, आणि तिचा कागद बाईंच्या कागदाहून जास्त खोटा असायचा. तो मी आहे तसाच वाचत होतो. तिच्या खोटेपणाबद्दल मला कधी चंग बांधावासा वाटला नाही. इतवारीच्या पोरीने मोठं झाल्याचं सोंग आणावं, हे तेवढं मला सोसत नव्हतं. आपण नागपूरकर या बाबतीत फार कर्तव्यदक्ष. गाव सोडून गेलेलं माणूस हात हलवत परत आलं की आपल्याला मनातून बरं वाटतं, आणि ते मान वर करून चालायला लागलं की आपण लाल पेन काढतो.

या वर्षी बाई गेल्या. चार दिवस ताप आला आणि झोपेतच गेल्या, असं कळलं. ज्या मंडळांनी त्यांना दोन वर्षं विचारलं नव्हतं त्यांनी लगेच सीताबर्डीत शोकसभा ठेवली. फ्लेक्सवर बाईंपेक्षा आमदारांचा फोटो मोठा होता. सूत्रसंचालनाला अर्थातच मी.

सभेच्या आधी त्यांचा भाऊ मला शोधत आला. त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. “सर, हा ताईनं लिहून ठेवला होता. म्हणे, निवेदकच वाचतील. दुसऱ्या कोणाले देऊ नको म्हणे.”

मी कागद उघडला. अक्षर तेच, जरा थरथरलेलं. पंचवीस नव्हते. सात होते, माझ्या क्रमाने. डावीकडून तिसरी मैत्रीण. नर्स, एक वाक्य. आणि शेवटी, ‘नायकाची आई, फक्त फोटो.’ एकही विशेषण नव्हतं. मी लाल पेनाने केलं असतं तसंच सगळं त्यांनी दुरुस्त करून ठेवलं होतं.

व्यासपीठावर त्यांचा फोटो होता, डावा गाल पुढे असलेला, हार घातलेला. हार घातलेला तसा फोटो बघून मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. फार लाज वाटली. मी फ्रेममध्ये येऊ नये म्हणून दोन पावलं बाजूला सरकलो आणि तो कागद समोर धरला.

कागदावर सात होते. मी पंचवीस वाचले. मधलं काही गाळलं नाही. वैद्यकीय क्षेत्रातील आव्हानात्मक भूमिका वाचली, नायकाची आई वाचली, आठवतील तेवढी विशेषणं जिथल्या तिथे वाचली. दोन ठिकाणी मी अडलो. पहिल्या रांगेच्या टोकाला भावाचे ओठ हलत होते, ते बघून मला पुढचं सापडलं.

समोर बसलेल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. “पाह्य वं, पंचवीस. आपल्या इतवारीची पोरगी.”

मी कागदाच्या चार घड्या केल्या, खिशात ठेवला आणि आमदारांना बोलायला बोलावलं.