तीन अँपियरचा जावई

हातातला कप आधी खाली ठेवा. हो, ठेवाच! वीस वर्षं लातुरात पोरांना फिजिक्स शिकवणाऱ्या एका माणसानं सासरवाडीच्या अंगणात, भर दिवसा, चार लोकांदेखत वायर पेटवली. तो माणूस म्हणजे मीच. आठवलं की अजून घाम फुटतो मला.

त्याचं असं झालं. मला हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या वायरलेस सेटवरून लांबच्या लोकांशी बोलायचा नाद. रीतसर परीक्षा दिली, लायसन काढलं, ओळखीच्या एकाकडून जुना सेट घेतला. सेट एकदम झकास, फक्त त्याची पॉवरची वायर कुठंतरी हरवलेली. आणि आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर अँटिना लावू देईनात. सेक्रेटरी म्हणतो, "सर, आकाशातली वीज आमच्या डोक्यावर पाडता का?" मग उरली कुणाची गच्ची? मुखेडला सासऱ्यांची!

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा म्हणाले, "लावा की जावईबापू, न्हाई कोण म्हणतंय? पण आधी त्या खोक्यातनं कुणाशी तरी बोलून दाखवा. उगं बांबू उभा केला तर गाव मला इचारंल, जावयाला काय झालं म्हणून."

एवढंच! चार वाक्यं बोलायची, की गच्ची माझी. दोन वर्षं माझा जीव त्या गच्चीत अडकला होता हो.

मग बसलो वायर बनवायला. सेट किती करंट ओढतो ते बघायचं, त्याहून जरा मोठा फ्यूज टाकायचा, आणि वायर त्या बेताची घ्यायची. आठवीचं पोरगंही सांगंल. सेटला अँटिना म्हणून हातभर तार लोंबकळत सोडली, तात्पुरत्या तारांनी बॅटरी जोडली, मीटर लावला, बटण दाबलं. खरखर, शिट्ट्या, लांबून कुणाचा तरी आवाज. मीटर दाखवतोय एक अँपियर. फक्त एक! बोलून बघायचा प्रश्नच नव्हता, धड अँटिना नसताना बोललं तर सेट बिघडतो. म्हणून नुसतं ऐकलं आणि खूश झालो.

गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. म्हणलं, "तीन अँपियरचे पाच फ्यूज द्या."

दुकानदार म्हणाला, "कशावर लावायलात, सर?"

"वायरलेस सेटवर."

"मंग तीनचा कसा पुरंल? मोठा न्या की जरा."

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला! "अहो, एकाला तीन म्हणजे तिप्पट झाले! मोठे फ्यूज टाकणाऱ्या लोकांमुळंच गावोगावी पाण्याच्या मोटारी जळतात. फ्यूजच्या जागी जाड तार घालतात, अडाणी कुठले!" पाच-सात मिनिटं झोडपला त्याला. बिचाऱ्यानं मुकाट्यानं फ्यूज पुडीत बांधले. वायर पण मी बारीकच घेतली, दिव्याच्या माळेला असते तसली. एक अँपियरला कशाला हवी जाड?

रविवारी मुखेड गाठलं. अँटिनाची तार तात्पुरती लिंबाच्या झाडावर फेकली. मामांचा ट्रॅक्टर ओसरीला आणून चालू ठेवला आणि बॅटरीला चिमटे लावले. ओसरीत सेट. मधी एक बाज होती, तिच्यावर जुन्या लुगड्यावर मामींच्या कुरडया वाळत घातलेल्या. वायर बाजेखालनं घेतली, हलू नये म्हणून बाजेचा पाय वर ठेवला. मामांनी शेजारचे चारजण बोलावून आणलेले. लोह्याचे गफूरभाई, माझे रेडिओवरचे दोस्त, ठरल्या वेळेला तिकडून हजर!

"सर, लोह्याहून गफूर बोलतोय. बोला सर, बोला!"

खणखणीत आवाज. मामांच्या भुवया वर गेल्या. मी माईकवरचं बोलायचं बटण दाबलं, "गफूरभाई, मी..."

टप्प! दिवा गेला, आवाज गेला, सेट मेला.

दुसरा फ्यूज. "गफूरभा..." टप्प! तिसरा. "गफू..." टप्प!

तेवढ्यात मोबाइल वाजला. गफूरभाईच! "क्या सर, नुसतं गफू गफू काय करायलाव? पुढं बोला ना!"

मामा म्हणाले, "फोनवर तर चांगलं ऐकू यायलंय की. मंग ह्या खोक्याचं काम काय?"

शेजारी फिदीफिदी हसले. माझे कान लाल. "माल डुप्लिकेट आहे!" मी ओरडलो. चौथा गेला. पाचवाही गेला.

बायको, सुनीता, हळूच म्हणाली, "अहो, ऐकताना चालतंय अन् बोलताना बंद पडतंय. जरा ते पुस्तक तरी..."

"तू मधी बोलू नको!"

आणि मग मी ते केलं. बोलायची लाज वाटते, पण केलं. दर दिवाळीला ज्यावरून मामांना लेक्चर देतो, तेच! त्यांच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीतली ॲल्युमिनियमची जाड तार काढली आणि फ्यूजच्या जागी पिळून टाकली.

"जावईबापू," मामा म्हणाले, "हे करू नका म्हणून तुम्हीच सांगत होते ना?"

"दोन मिनिटांसाठी मामा, फक्त दोन मिनिटं!"

"आम्ही बी दोन मिनिटासाठीच घातलती. बारा वर्षं झाले."

बटण दाबलं. "गफूरभाई, मुखेडहून बोलतोय, ऐकू येतंय का?"

"एकदम साफ, सर!"

टाळ्या पडल्या! आता गप बसावं ना? नाही! चढलो मी. आवाज आकाशात कसा जातो, कसा परततो, सगळा धडा माईकवर सुरू केला. पोर्शन संपवायला निघालो जणू!

"काय जळायलंय गं?" मामींचा आवाज आला.

बाजेखालनं धूर! तापून वायरचं प्लास्टिक मऊ झालं, बाजेच्या पायानं ते दाबलं, आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या आणि फाट्‌! ठिणग्या उडाल्या. लुगड्यानं पेट घेतला. फिजिक्स, फ्यूज, काही आठवंना. मामांनी काठीच्या एका फटक्यात बॅटरीचा चिमटा उडवला. मामींनी बादलीभर पाणी ओतलं, थेट वर्षभराच्या कुरडयांवर. लगदा झाला त्यांचा.

मामांनी ट्रॅक्टर बंद केला आणि शांतपणे विचारलं, "ऐकताना किती लागत होतं ह्याला?"

"एक."

"आन् बोलताना?"

सुनीतानं सेटचं पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरलं. वीस! वीस अँपियर! मी फक्त ऐकतानाचं मोजलं होतं!

"शब्द दिला म्हंजे दिला," मामा म्हणाले. "बोलून दाखवलंत, गच्ची तुमची."

मला रडूच आलं. "चुकलो मामा. नुसतं ऐकताना मोजलं आणि सगळं कळलं असं धरून चाललो."

मामांनी जळक्या वायरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "असू द्या. आमचं बी तसंच झालं. पोरगी बघायला आलते तवा तुम्ही दोन तास मान खाली घालून नुसतं ऐकत बसले होते. आम्ही तेवढ्यावरच तुम्हाला मोजलं."