हसली की पडते

आमच्या सरिताला हसवायचं नाही, असा आमच्या घरात कायदा आहे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. डोंगरकडा गावच्या बाजारात एका बाईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं हाय की, आमच्या सुनेचे दात तर दिवसभर बाहीर राहतेत!" मी तिथंच तिच्यावर खेकसले. मला राग लवकर येतो, आणि सरिताच्या बाबतीत तर येतोच येतो.

सरिता माझी धाकटी जाऊ, म्हणजे माझा दीर प्रमोद याची बायको. आमची दोन घरं, मधे एकच अंगण, आणि सासूबाई जनकाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दोन्ही घरच्या. मी गावची आशा सेविका आहे. बायकांना दवाखान्यात नेणं, लेकरांच्या लसी, रक्तवाढीच्या गोळ्या, डॉक्टरांची बोलणी खाणं, हे सगळं माझ्याकडं. त्यामुळं सरिताच्या दुखण्याच्या मागंही मीच फिरले. प्रमोद भाऊजी मनानं चांगले, पण दवाखान्याचं दार दिसलं की त्यांचे पाय जड होतात.

लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी हसण्यासाठी प्रसिद्ध होती. उखाणा घेताना निम्म्यातच तिला हसू फुटलं आणि मांडवातल्या बाया तिच्याबरोबर हसत सुटल्या. उखाणा राहूनच गेला. आत्याबाईंना ते आवडलं नव्हतं, पण मला आवडलं होतं. आमच्या घरात तोवर कुणी मोठ्यानं हसत नव्हतं.

वर्षभरानं झोप सुरू झाली. जीपमधे बसली की झोपली, विहारात वंदनेला बसली की झोपली. एकदा भाकरी थापताना पाहिलं, हात चाललेत, डोळे मिटलेले, आणि भाकरी परातीच्या बाहेर जमिनीवर. आत्याबाई ओरडल्या, "माहेरी झोपा काढायलाच शिकवलं का तुला?" गल्लीतल्या बायांनी तिला कुंभकर्णाची बहीण करून टाकलं. मीही चिडवायचे, आणि ती सगळ्यांत जास्त हसायची. रात्री मात्र तिला धड झोप लागत नसे. छातीवर कुणीतरी बसलंय, हलता येत नाही, ओरडता येत नाही, असं सांगायची.

पडणं सुरू झालं सोयाबीनच्या शेतात. पंचफुला ही आमच्या गावातल्या बायांच्या टोळीची मुकादमीन. तिच्या टोळीत सरिता सोंगणीला जायची. पंचफुलाला नकला करायची भारी हौस. त्या दिवशी तिनं शेतमालक कमरेवर हात ठेवून कसा चालतो ते करून दाखवलं. सरिता हसली आणि तिचे गुडघेच गेले. हातात विळा, तोंड मातीत. बायांना आधी वाटलं, हिला साप चावला. मग कुणीतरी मिरगी म्हणालं आणि तिच्या नाकाला चप्पल लावली. थोड्या वेळानं ती आपली आपणच उठून बसली.

घरी असंच पुन्हा झालं. प्रमोद भाऊजी काहीतरी बोलले, ती हसली, आणि ओट्याला टेकून खाली घसरली. मान लुळी, जबडा लोंबलेला. आत्याबाई तिच्या उशाशी बसून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "फीटवाली पोरगी बांधली गळ्यात. अजून लेकरूबाळ न्हाई, तवर सोडचिठ्ठी करा आन् प्रमोदला दुसरी पाहा."

दुसऱ्या दिवशी सरिता माझ्याकडं आली.

"बाई, मी पडते तवा मला समदं ऐकू येते."

"काय समदं?"

"समदंच. बोलता येत न्हाई, बोट हालत न्हाई, पण कळत असते. आत्याबाई काय म्हनल्या ते बी ऐकलं."

मी तिला चहा दिला. मिरगीवाल्याला शुद्ध राहत नाही हे मला नोकरीत शिकवलेलं होतं. म्हणजे ही मिरगी नव्हती. पण मी हे तालुक्याच्या डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर की मी?" आणि मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी ती अजूनच झोपायला लागली. त्याआधी आरोग्य केंद्रात रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या होत्या, सलाईन झालं होतं. मग एकानं सांगितलं, हे मनाचं आहे, नवऱ्यानं जरा प्रेमानं वागावं. भाऊजी बिचारे चार दिवस तिच्यासाठी भजी आणत राहिले.

आत्याबाईंनी तर कहर केला. घरात बाबासाहेबांचा फोटो, दर पौर्णिमेला विहारात जाणार, आणि आम्हाला न सांगता सुनेला घेऊन गेल्या सेनगावकडच्या एका बाबाकडं. त्यानं लिंबू कापलं, दंडाला काळा दोरा बांधला आणि चुलीतली राख पुडीत बांधून दिली. मी तो दोरा कात्रीनं कापला आणि आत्याबाईंना असं काही बोलले की आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या दवाखान्यांनी तरी त्या बाबापेक्षा वेगळं काय केलं होतं?

अशात तिला दिवस गेले आणि प्रतिक्षा झाली. बाळंतपण नीट पार पडलं. सोडचिठ्ठीची भाषा थांबली. आम्हाला वाटलं, लेकराच्या मागं सगळं मागं पडेल.

बाळ हसायला लागलं आणि घोटाळा झाला. सरिता अंगणात उभी होती, पोर तिच्या खांद्याशी. पोरीनं तिच्याकडं बघितलं आणि बोळकं पसरून खळखळून हसली. आईसुद्धा हसली. मी समोरच होते. तिचे हात सैल होताना मी पाहिले. लेकरू वाळत घातलेल्या गोधडीच्या ढिगावर पडलं, म्हणून वाचलं. सरिता त्याच्या शेजारी पडली, डोळे उघडे, आणि पोर रडतंय ते ऐकत राहिली.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी पोर आपल्याकडं घेतलं. मी त्यांना दोष देऊ शकले नाही. दूध पाजायचं तर भिंतीला टेकून, खाली बसून, शेजारी कुणीतरी पाहिजे. कडेवर घ्यायचं नाही. सरितानं एका शब्दानं वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाली, "बाई, झोप ऱ्हाऊ द्या. लोकं हसून राहिले त हसू द्या. मला फकस्त लेकरू कडेवर घेता आलं पायजे. एवढं पाहा कुठं होते का." तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं, आणि मी ते तिला मिळवून देईन असं मी बोलून गेले.

नांदेडला मेंदूचे डॉक्टर आहेत म्हणून नेलं. ते भले निघाले. त्यांनी फार विचारलं नाही, "हसल्यावर पडता का?" एवढंच विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारणारा तो पहिला माणूस होता. त्यांनी औरंगाबादला तपासणीला पाठवलं. तिथं डोक्याला वायरी लावून रात्री झोपवलं आणि दुसऱ्या दिवशीही थांबून थांबून झोपवलं. नार्कोलेप्सी नाव निघालं. माणसाला जागं ठेवणारं मेंदूत काहीतरी असतं, ते हिच्या मेंदूत उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. आनंद झाला, हसू आलं की अंगातला जोर जातो, तेही त्याच दुखण्याचं.

"बरं व्हते ना पन?" सरितानं विचारलं.

"हे बरं होत नाही. सांभाळावं लागतं."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मला मात्र रडू आवरेना. शेजारची बाई विचारत होती, पेशंट कोण आहे म्हणून.

जागं राहायची एक गोळी होती आणि पडू नये म्हणून एक. शिवाय दुपारी ठरलेल्या वेळी थोडं झोपायचं. डॉक्टरनं सुनेला दुपारी झोपायला सांगितलंय, हे सासूला समजावणं मला त्या दुखण्यापेक्षा जड गेलं. पण गोळ्या लागू पडल्या. तो हिवाळा चांगला गेला. सरितानं प्रतिक्षाला कडेवर घेतलं. पहिल्यांदा आत्याबाई हात पसरून मागं मागं चालत होत्या, मग त्यांनी ते सोडलं. सरिता पोरीला घेऊन अंगणवाडीपर्यंत जायची आणि वाटेत जो भेटेल त्याच्याशी उगाच बोलत उभी राहायची. सगळ्यांनी बघावं म्हणूनच ते होतं.

ती पंचफुलाच्या टोळीतही परत गेली. बायांनी आपसात ठरवलं, हिच्यासमोर कुणी चेष्टा करायची नाही. अख्खी टोळी मुकाट्यानं कापूस वेचायला लागली. दुपारची भाकर खाताना पंचफुलाच म्हणाली, "काहून असं करून राहिलो गं आपुन? वेचणीला आलोय का मयताला?" दुसऱ्या दिवशी सरिता स्वतःहूनच गेली नाही, आणि बोलवायलाही कुणी आलं नाही.

गोळ्यांनी तिची छाती धडधडायला लागली, डोकं दुखायचं, जेवण जात नसे. डॉक्टरांनी एक कमी केली, दुसरी बदलली. त्या गोळ्या इकडं मिळत नाहीत. कळमनुरीचा दुकानदार चिठ्ठी बघूनच परत करायचा. प्रत्येक वेळी नांदेड. पुढच्या पावसाळ्यात कयाधू नदीला पूर आला, रस्ता तुटला, आणि पडू नये म्हणूनची गोळी संपली. ती एकदम बंद पडली की दुखणं उसळून येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. हसायचीही गरज राहिली नाही. कुणी हाक मारली तरी ती पडायची. दिवसभर पडत होती. रस्ता सुरू झाल्यावर गोळी पुन्हा आणली, पण पहिल्यासारखी ती परत कधी लागूच पडली नाही. डॉक्टर म्हणाले, याहून वेगळं औषध आपल्याकडं मिळत नाही.

मग तिनं स्वतःच इलाज काढला. तिनं आनंद होऊ द्यायचा बंद केला. चेष्टा चालली की उठून जायचं. टीव्हीकडं पाठ. पोर बोबडं बोललं की तोंड फिरवून तांदूळ निवडायचे. वर्षा दोन वर्षांत तिचा चेहरा असा झाला की अनोळखी माणसाला वाटावं, ही बाई फार खडूस आहे. उखाणा घेताना हसणारी ती हीच, हे सांगून कुणाला पटायचं नाही.

प्रतिक्षा आता पाच वर्षांची आहे. बडबडी, नकल्या, अगदी आईवर गेलेली. एक दिवस शाळेतून आली ती माझ्याकडं. शाळेत नाचात तिला पुढं उभं केलं होतं. मम्मीला करून दाखवलं तर मम्मी उठून मोरीत गेली.

"मोठी मम्मी, मी मम्मीला आवडत न्हाई का?"

मला राहवलं नाही. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "तुझी मम्मी आजारी हाय, बाळा. तिला लई आनंद झाला की ती पडते. तुला पाहून तिला सगळ्यात जास्त आनंद होते, म्हणून ती तुझ्याकडं पाहत न्हाई."

पोरीनं डोळे मोठे करून ऐकलं. तिचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं.

त्यानंतर पोरगी आईच्या मागंच लागली. तिच्यासमोर नाच, पंचफुलाची नक्कल कर, मागून येऊन गुदगुल्या कर. सरिता आवरायची, ओठ चावायची, पण ते लेकरू किती गोड करायचं! एकदा गोधडीवर पडली, एकदा दारात. पडली की प्रतिक्षा टाळ्या वाजवत अंगणभर पळायची. "मम्मी पडली! मला पाहून पडली!" आत्याबाईंनी तिला मारलंसुद्धा, तरी ऐकेना.

मागच्या महिन्यात सरिता चुलीवरचं दुधाचं पातेलं उतरवत होती. प्रतिक्षा समोर येऊन प्रमोद भाऊजींची चप्पल घालून त्यांच्यासारखी चालून दाखवायला लागली. सरिता पातेल्यासकट पडली. डावा हात कोपरापासून भाजला, आणि चुलीच्या कडेला तसाच राहिला. तिला कळत होतं, पण हात काढून घेता येत नव्हता. मी धावत गेले तेव्हा पोर टाळ्या वाजवत होतं.

दवाखान्यातून पट्टी करून आणल्यावर सरिता भिंतीला टेकून बसली. प्रतिक्षा बाहेर ओट्यावर होती. सरिता मला म्हणाली, "बाई, तिला सांगा, तुमी खोटं बोलल्या."

"काय खोटं?"

"मी तिला पाहून पडत न्हाई म्हणा. कशानं बी पडते, नुसती पडते म्हणा."

"अगं, मग तिला वाटंल तुला तिचं काहीच न्हाई."

"वाटू द्या. एखाद्या दिवशी तीच दुधाखाली आली त?"

मी तिच्याशी भांडले. मला भांडणच करता येतं. शेवटी मी बाहेर गेले आणि प्रतिक्षाच्या शेजारी बसून ते सगळं सांगितलं. मोठी मम्मी चुकली म्हणाले. मम्मीचं पडणं हे नुसतं दुखणं आहे म्हणाले.

तिनं माझ्याकडं वळून विचारलं,

"मंग मला पाहून मम्मीला काईच व्हत न्हाई?"

दार उघडं होतं. आत सरिता बसलेली होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"बरं," म्हणाली, आणि खेळायला गेली.

आता ती आत्याबाईंच्या कुशीत झोपते. नाच शिकली की त्यांना करून दाखवते, मला दाखवते, पंचफुलाच्या घरी जाऊन दाखवते. मम्मीसमोर करत नाही. आणि त्या दिवसापासून सरिता एकदाही पडलेली नाही.