विमलबाईंच्या गाठीचा ब्लॉक

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, अम्मीलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी चंद्रपूरच्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये कामाला होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा — त्याला ब्लॉक म्हणतात — मग यंत्रावर त्याचे पापुद्र्याहून पातळ काप काढून, रंगवून, काचेवर डॉक्टरांसमोर ठेवायचे. माझं काम तेवढंच. पण मला बघायची फार हौस.

विमलबाई नागभीडकडच्या, पन्नाशीच्या, घरची धानाची शेती. स्तनातली गाठ काढल्यावर रिपोर्ट न्यायला त्या स्वतःच आल्या. म्हणाल्या, "नसरीनबाई, माह्या आंगात काय वाढलं ते मले पाहू द्या नं."

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मी त्यांना मायक्रोस्कोपशी बसवलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "पऱ्ह्यावानी दाट हाये. याले खत कोन घालून राह्यलं?"

पऱ्हे म्हणजे रोवणीआधीची धानाची रोपं. आणि प्रश्न? तो तर माझाही होता. मी वाचलं होतं — काही गाठी बाईच्या शरीरातल्याच संप्रेरकावर वाढतात. ते पेशीत शिरतं, तिथल्या एका खुणेला चिकटतं आणि झोपलेली जनुकं जागी होतात. खूण असेल तर रोजची एक गोळी ती वाट अडवते. तपासणी मुंबईला व्हायची. सर्जननी ब्लॉक तिकडे पाठवायला सांगितलं होतं. मी — मी तो ठेवून घेतला.

दोनच दिवस, असं ठरवलं होतं. साध्या रंगात ती खूण दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तरी वेगवेगळे रंग करून पाहत राहिले, काप काढत राहिले. आठवड्याने ब्लॉकमध्ये नुसतं मेण उरलं.

सर्जनचा फोन आला तेव्हा म्हटलं, "मुंबईहून फोनवर कळलं सर, निगेटिव्ह आहे." निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह म्हटलं असतं तर त्यांनी किती, हे विचारलं असतं, कागद मागितला असता. नसलेल्या गोष्टीबद्दल कोण विचारतं? एवढा हिशेब मी एका श्वासात केला — म्हणजे घाबरून निसटलेला शब्द नव्हता तो. नंतर त्या काचाही मी फेकून दिल्या.

विमलबाईंना गोळी सुरू झालीच नाही.

दोन वर्षांनी त्यांची कंबर दुखू लागली. रोवणीनं धरली असेल, म्हणून त्यांनी सहा महिने काढले. एक्स-रेत दिसलं, आजार मणक्यात पसरला होता. मानेतही गाठ आली होती. तिचा तुकडा मी त्याच दिवशी मुंबईला पाठवला. रिपोर्ट आला पॉझिटिव्ह.

सर्जन म्हणाले, "पसरताना गाठीचा स्वभाव कधी कधी बदलतो."

हे खरं आहे. बदलतो. पण विमलबाईंच्या गाठीचा बदलला होता, की पहिल्यापासून तसाच होता? मला हे अजून जाणून घ्यावंसं वाटतं — कसली ही हौस! उत्तर होतं त्या ब्लॉकमध्ये, आणि तो मी संपवला.

गोळीने दुखणं उतरलं. काही महिन्यांनी त्या लॅबचा जिना चढून वर आल्या.

"आता चालता येते मले. हेच गोळी आधी काऊन नाई देल्ली, बाई?"

"तेव्हा तुमची गाठ वेगळी होती."

"वेगळी म्हंजे कशी?"

मी कागद घेतला. दोन पेशी काढल्या, एक खूण नसलेली, एक असलेली. संप्रेरक कसं शिरतं, जनुकं कशी जागी होतात, सगळं नीट समजावलं. त्या माझ्याकडे सरकून ऐकत होत्या, मधेच बोट ठेवून विचारत होत्या. मग कागदाची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली.

"सुनेले बी समजावून सांगतो," म्हणाल्या.

पुढच्या धानकापणीआधी त्या गेल्या. पहिल्या गाठीत खूण नव्हती, असंच त्यांच्या घरी आजही समजतात.